मिठाचं छत

३ मार्च, रविवार

आज छत बसलं. चोवीस पेट्या, प्रत्येकी पाच किलो. सकाळी आठला सुरुवात केली, दीड वाजता शेवटचा स्क्रू आवळला.

आकडे कॉलेजच्या नोंदवहीत जातील. ही वही माझी. सपना म्हणाली, तुम्ही घरात फार बोलत नाही, निदान लिहीत जा. ती सिव्हिल हॉस्पिटलला नर्स आहे, घरी आली की तिच्याकडे सांगण्यासारखं रोज असतं. माझ्याकडे आता हे आहे.

जागा म्हणजे सिद्धेश्वरच्या कालव्याजवळचा थावरा नाईकांचा तांडा. हिरासिंग आणि कुलदीप या दोन भावांनी एकाच महिन्यात, एकाच विटेच्या दोन खोल्या बांधल्या. मधली भिंत एक. दारं पूर्वेला, खिडक्या पश्चिमेला, वर पत्रा. तुलनेसाठी याहून चांगली जोडी मिळाली नसती. कुलदीप दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. त्याच्या खोलीत त्याची बायको सुनिता आणि चार वर्षांची कोमल राहतात. शेजारी हिरासिंग आणि त्याची बायको मिराबाई. त्यांची दोन्ही मुलं आश्रमशाळेत. मीठ कुठल्या खोलीत बसवायचं हे मी नाणं उडवून ठरवलं. सुनिताची खोली आली. ती 'अ', शेजारची 'ब'. पत्र्याखालचा थर्माकोल दोन्हीकडे सारखा. फरक फक्त मिठाचा.

मीठ खायचं नव्हे. एकतीस अंशाला ते वितळतं, आणि वितळताना खोलीतली उष्णता ओढून घेतं, पण स्वतः तापत नाही. ग्लासात बर्फ असेपर्यंत पाणी गारच राहतं, तसं. रात्री हवा थंडावली की ते पुन्हा गोठतं आणि दिवसभर घेतलेली उष्णता सोडतं. ती खिडकीवाटे बाहेर गेली पाहिजे. एखाद्या रात्री गोठलं नाही, तर दुसऱ्या दिवशी डोक्यावर नुसत्या पाण्याच्या पेट्या.

हे सगळं मी अंगणात समजावून सांगितलं. मिराबाई म्हणाली, "पाझरलं तर, सायेब?"

"पाझरत नाही. पेट्या सीलबंद आहेत."

"आमच्या पाण्याच्या टाकीलाबी असंच सांगितलं व्हतं."

सुनिताने एकच विचारलं, "दुपारी मशीनवर बसता येईल का?" ती ब्लाउज शिवते. मी म्हटलं, त्यासाठीच आहे.

धर्मसिंगची मदत झाली. तांड्याच्या पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्ह सोडायचं काम त्याच्याकडे आहे. वय चाळीसच्या आसपास, बोलायला मोजका, अक्षर मोत्यासारखं. असा माणूस जागेवर असणं उपयोगाचं.

१० मार्च, रविवार

आठवड्याचे आकडे उतरवून घेतले. दोन्ही खोल्यांत दर पंधरा मिनिटांनी तापमान नोंदवणारं यंत्र आहे. दुपारी तीनला 'ब' छत्तीस, 'अ' बत्तीस. रात्री हवा वीसच्या खाली जाते, म्हणून खिडकी बंद असली तरी मीठ गोठतं. कालव्याकडून वाराही येतो.

समाधान वाटलं. समाधान वाटायची घाई होते माझी, हेही लिहून ठेवतो.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी सहाच्या सुमारास जमीन हलली. हिंगोलीत लोक रस्त्यावर आले. पाचेक सेकंद असेल, मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा हलकं. सपना नाइट करून हॉस्पिटलातच होती. तिला फोन केला आणि लगेच तांड्याला निघालो. एकशे वीस किलो मीठ एका चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर आहे, हा विचार पहिल्यांदा आज आला.

पेट्या शाबूत. सुनिता एका काठीने एकेक पेटी ठोकत होती. "टणक वाजलं की गोठलेलं, बद वाजलं की पाणी," ती म्हणाली. "रोज सकाळी बघते मी. आज समद्या टणक." चांगली पद्धत आहे. मी नोंदवहीत लिहिली.

'ब' खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं. परतलो.

२७ मार्च, बुधवार

धुळवड झाली तसा रात्रींचा गारवा गेला. पहाटेही चोवीसच्या खाली येत नाही. बंद खोलीत तेहतीस. सुनिता म्हणाली, अर्ध्या पेट्या सकाळी बद वाजतात. म्हणजे आता रात्री खिडकी उघडी ठेवावी लागणार. दोन्ही खोल्यांच्या, नाहीतर तुलना खोटी.

सुनिताला आणि मिराबाईला सांगितलं. दोघी "व्हय" म्हणाल्या. पण सांगितलं म्हणजे झालं, असं धरता येत नाही. धर्मसिंगला निरीक्षक नेमलं. रोज रात्री दहाला दोन्ही खिडक्या बघायच्या, उघडी की बंद ते लिहायचं, सही करायची. व्हॉल्व्हसाठी तो त्या वेळी तसाही फिरतो. त्याला नवी वही आणि एक चांगली टॉर्च दिली.

५ एप्रिल, शुक्रवार

गोंधळ आहे. धर्मसिंगच्या वहीत रोज 'उघडी, उघडी'. यंत्राचा आलेख वेगळं सांगतो. 'अ' खोलीत दहाच्या सुमारास तापमान जरा उतरतं, म्हणजे खिडकी उघडली. साडेदहाला पुन्हा चढायला लागतं, म्हणजे बंद. रोज. अठ्ठावीसपासून एकही दिवस सुटलेला नाही.

अर्थ सरळ आहे. निरीक्षक येतो तेव्हा उघडायची, तो गेला की लावायची. मीठ गोठत नाही. दुपारी 'अ' एकोणचाळीस, 'ब' चाळीस. एवढा खटाटोप एका अंशासाठी.

दुपारी धर्मसिंगचा फोन. "सर, बाईनं खिडकीला साडी बांधली. चालंल का?" मी म्हटलं, नाही, हवा अडते, काढायला सांगा. तो म्हणाला, "तुमी म्हनले म्हनून सांगतो."

नोंदवहीत शेरा लिहिला: रहिवाशाचा असहकार.

११ एप्रिल, गुरुवार

तांड्याला गेलो. सुनिता मशीनवर होती, कोमल खाली ओल्या फडक्यावर निजलेली. मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा. मी आलेख सोबत नेला होता, पण तिच्यासमोर काढला नाही. सरळ विचारलं.

"सुनिताताई, रात्री खिडकी लावता का तुम्ही?"

तिने दोरा तोडला. "लावते."

"का?"

तिने हातातलं कापड उलटून घेतलं. मग म्हणाली, "ती तपासणी किती दिवस हाय, सर?"

"मेअखेर."

"मिराभाबीनं केली तर न्हाई चालायची? ती शेजारीच हाय."

मी समजावलं की ज्याच्या घरात प्रयोग चालू आहे त्यानेच तपासणी केली तर तिला अर्थ राहत नाही. निरीक्षक तटस्थ लागतो. हे मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवतो तसं सांगितलं, उदाहरण देऊन. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं."

लोकांना फायदा समोर दिसत असताना ते एवढंसं का करत नाहीत, हे मला कळत नाही. रस्त्याने येताना हाच विचार होता.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. सपना निळ्या साडीत. कामाचा विचार केला नाही. म्हणजे केला, पण कमी.

१९ एप्रिल, शुक्रवार

विचित्र. पंधरा, सोळा, सतरा या तीन रात्री 'अ' खोलीची खिडकी रात्रभर उघडी होती. आलेखात स्वच्छ दिसतं. संध्याकाळपासून उतार, पहाटे चार वाजता साडेसव्वीस. मीठ पूर्ण गोठलं. सोळा तारखेला दुपारी तीन वाजता बाहेर एक्केचाळीस, 'ब' साडेचाळीस, 'अ' पस्तीस. साडेपाच अंशांचा फरक. एप्रिलच्या मध्यात, पत्र्याखाली, विजेशिवाय. कागदावर जे मांडलं होतं ते तीन दिवस तंतोतंत खरं झालं. अठराच्या रात्रीपासून पुन्हा जुनंच.

गंमत म्हणजे त्या तीन रात्री तपासणी झालीच नव्हती. धर्मसिंग साडूच्या मुलीच्या लग्नाला कनेरगाव नाक्याला गेला होता. वहीत तेवढी जागा कोरी आहे. तपासणी नसताना उघडी, असताना बंद. कारण कळत नाही. योगायोग म्हणून सोडून द्यावं तर तीनदा सलग.

असं चालवण्यात अर्थ नाही. पेट्या 'ब' खोलीत हलवाव्यात. मिराबाई तोंडाळ आहे, पण सांगितलेलं करेल.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी तांड्यावर जाऊन सुनिताला सांगितलं, पुढच्या आठवड्यात पेट्या काढून शेजारी लावू. वाद घालेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काढा." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या तीन दिसात कोमल दुपारची निजली. घामोळंबी बसलं व्हतं." आणि पुन्हा मशीनवर बसली.

संध्याकाळी चहाच्या वेळी आलेख टेबलावर पसरलेले होते. सपनाने त्यातला एक उचलला. हॉस्पिटलात तापाचे तक्ते वाचून तिची नजर तयार आहे.

"हे रोज दहाला काय होतं?"

"धर्मसिंग येतो. खिडकी उघडते."

"आणि हे तीन दिवस?"

"तो नव्हता. लग्नाला गेला होता."

"तेव्हा खिडकी?"

"रात्रभर उघडी."

तिने कप खाली ठेवला. "तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"उद्या माझी सुट्टी आहे. मी येते तुमच्यासोबत."

मग तिने सांगितलं नाही तरी मला कळलं. हातातला आलेख तोच होता. सतरा दिवस मी तो बघत होतो.

२२ एप्रिल, सोमवार

सपना आत गेली, दार लावून घेतलं. मी बाहेर बाजेवर बसलो. पाऊण तास लागला. परतताना गाडीवर तिने काही सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

पहिल्या रात्री तो वाटेवरूनच टॉर्च मारून गेला. दुसऱ्या रात्रीपासून खिडकीशी यायला लागला. उजेड आधी छतावर, मग भिंतीवर, मग बाजेवर. बाजेवर थांबायचा. मीठ बघून राहिलो, म्हणायचा. तिने साडी बांधली तर म्हणाला, सरनं मना केलं, मी इचारलंय. हे खरं आहे. मीच मना केलं. मग ती कोमलला घेऊन खिडकीखालच्या कोपऱ्यात, उजेड पोचत नाही तिथे बसून राहायची. तो अर्धा तास थांबायचा. एकटीनं कसं निघतंय, असलं काही बोलायचा. गेला की ती उठून खिडकी लावायची आणि त्या भट्टीत झोपायची. लावलेली दिसली तर तो उद्या सरला सांगीन म्हणायचा, म्हणून दहाच्या आधी पुन्हा उघडायची.

हात लावलेला नाही. सपनाने ते स्पष्ट विचारलं.

"मला का नाही सांगितलं तिने?" मी विचारलं.

"मीही विचारलं. म्हणाली, सरला काय सांगू, सरचाच माणूस हाय."

तिला पोलीस नको. बोभाटा नको. तांड्यात राहायचं आहे, पोरगी वाढवायची आहे. तिचं म्हणणं एवढंच की तपासणी बंद करा आणि माझं नाव काढू नका. सपनाने तिला महिला हेल्पलाइनचा आणि स्वतःचा नंबर लिहून दिला. नंबर जपून ठेवते म्हणाली.

मिराबाईकडून तपासणी करून घ्या, असं ती मला अकरा तारखेला म्हणाली होती. तटस्थ निरीक्षकाचं महत्त्व मी तिला वीस मिनिटं समजावलं. त्या रात्रीही तो आला असणार.

२४ एप्रिल, बुधवार

धर्मसिंगला कालव्याच्या पुलावर बोलावलं. तांड्यात नको म्हणून. तो वही घेऊन आला, कव्हर घातलेली.

"तपासणीचं काम आजपासून बंद," मी म्हटलं. "टॉर्च आणि वही द्या."

"काहून, सर? काई चुकलं व्हय?"

"टॉर्च बाजेवर का पडते?"

तो जराही गडबडला नाही. "तुमीच तर सांगितलं. बराबर बघायचं, मंग लिवायचं. थर्मामीटर दिसत न्हवता."

"ते दाराजवळ आहे. खिडकीतून उजव्या हाताला."

त्याने वहीचं कव्हर सारखं केलं. मग म्हणाला, "कोन काय बोललं तुमाला?"

"कोणी काही बोललं नाही. यंत्राच्या आलेखात दिसतं. तुम्ही किती वाजता येता, किती वेळ थांबता, सगळं."

"आलेखात मी दिसतो?"

"दिसता."

हे पूर्ण खोटं नव्हतं. त्याने वही आणि टॉर्च कठड्यावर ठेवली. जाताना म्हणाला, "सर, तुमी शिकलेले मानसं. आमच्या तांड्यात काय चालतं ते तुमाला नगा शिकवू."

त्याला नेमणारा मी. वेळ ठरवून देणारा मी. पडदा काढायला लावणारा मी. त्याने माझ्या हुकमाबाहेर फारसं काही केलंच नाही, असं तो शपथेवर सांगू शकतो. हेच घशाखाली उतरत नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

मतदान. दोन दिवस केंद्रावर ड्युटी. मशीन, शाई, याद्या. बाहेर मांडवात रांग. सुनिताची खिडकी या दोन रात्री उघडी असेल का, हे तिथे बसून कळायला मार्ग नव्हता.

२८ एप्रिल, रविवार

तांड्याचे प्रमुख थावरा नाईक, त्यांचा सकाळी सातला फोन. "सर, लोक बोलून राहिले. येऊन जा एकदा."

सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर वीस-पंचवीस माणसं बसली होती. नाईक सत्तरीचे, पांढरं धोतर, कानाने कमी ऐकतात म्हणून सगळे जोरात बोलतात. धर्मसिंग पुढेच होता. त्याची म्हातारी आई बायांमध्ये. सुनिता आली नव्हती. तिच्या घराकडून मशीनचा आवाज येत होता.

बोलणं असं चाललं होतं: मिठाची वाफ लागून लेकरू आजारी पडतंय. आणि सरनं विधवेचीच खोली काहून धरली?

वाफेचं मी सांगितलं. पेट्या बंद आहेत, वजन केलं तर एक ग्रॅम कमी भरणार नाही. दुसऱ्याचंही सांगितलं. नाणं उडवलं.

"कोनी उडवलं?" नाईकांनी विचारलं.

"मी."

"कोनी बघितलं?"

"म्या बघितलं," हिरासिंग म्हणाला. तो क्वचित बोलतो.

तरी कुजबुज थांबेना. धर्मसिंग कोणाचं नाव न घेता म्हणाला की नाणं काय, कसंबी पडतंय. सुनिताचं नाव न काढता काय बोलावं हे मला सुचत नव्हतं. तिला शब्द दिला होता. तेवढ्यात मिराबाई उठली. मशीनचा आवाज थांबला.

"म्या एक इचारते सरला. तपासणी दोनी खोल्याची व्हती ना?"

"हो."

"वही हाय का जवळ?"

पिशवीत होती. काढली.

"आमच्या खोलीचं काय लिवलंय, वाचा."

वाचलं. रोज उघडी. वेळ, सही. एकही खाडाखोड नाही.

"जमीन हलली त्या दिशीपासून आमची खिडकी जाम हाय," मिराबाई म्हणाली. "चौकट बसलीय. ह्यांनी पहार लावून बघितली, तरी निघंना. सरला व्हय म्हनले तवा वाटलं, निघंल. महिना झाला, एक दिस उघडली न्हाई. जा, बघून या कोनीबी." मग धर्मसिंगकडे वळली. "आमच्याकडं टॉर्च एकदाबी आली न्हाई. मंग उघडी हाय हे दिसलं कुठून तुला? आन रोज अर्धा अर्धा घंटा कुठं मोडत व्हता?"

दोघंजण खिडकी बघायला गेले आणि मान हलवत परत आले.

नाईकांनी वही मागितली. त्यांना वाचता येत नाही, तरी पानं उलटून बघितली. "अक्षर तुझं, धर्मसिंग?"

"व्हय."

"मंग खोटं काहून लिवलं?"

त्याच्या आईने पदर पुढे ओढला.

"पान्याची चावी संध्याकाळपासून माझ्याकडं," नाईक म्हणाले. "रातच्याला त्या गल्लीत तुझं काम न्हाई." आणि माझ्याकडे वळून, "सर, पुढल्या खेपी मानूस ठिवायचा तर आदी आमाला इचारा. बायाला इचारा."

मी हो म्हटलं.

'ब' खोलीचा आलेख घरी येऊन आज पहिल्यांदा नीट पाहिला. एकवीस मार्चपासून एकाही रात्री खिडकी उघडल्याची खूण नाही. तुलनेची खोली तापणारच, असं धरून मी ती बघतच नव्हतो. म्हणजे साडेपाच अंशांतला काही वाटा त्या जाम खिडकीचा.

२ मे, गुरुवार

विभागप्रमुखांना मधला अहवाल दाखवला. एवढे दिवस का वगळले, असं त्यांनी विचारलं. मी परिच्छेद पुढे केला: "अठ्ठावीस मार्च ते चौदा एप्रिल आणि अठरा ते तेवीस एप्रिल या काळातल्या नोंदी ग्राह्य नाहीत. संशोधकाने नेमलेल्या रात्रीच्या तपासणीमुळे रहिवासी महिलेला खिडकी उघडी ठेवणं सुरक्षित राहिलं नाही. दोष पद्धतीचा आहे आणि ती पद्धत संशोधकाने ठरवली."

त्यांनी चष्मा काढला. "तांत्रिक कारण लिहा ना. उगाच कशाला? असं छापणार नाही कोणी."

"नाही छापलं तर नाही."

"तुमचं प्रमोशन यावर आहे, धम्मानंद."

"माहीत आहे, सर."

पाच एप्रिलचा 'असहकार' हा शेरा मी खोडला नाही. तारखेसकट राहू दे.

८ मे, बुधवार

चोवीस एप्रिलपासून सुनिताची खिडकी रात्रभर उघडी असते. मीठ गोठतं. दुपारचा फरक पुन्हा पाच अंशांच्या आसपास. पण मिराबाई सांगते की सुनिता झोपत नाही. पाचोळा वाजला तरी उठून बसते. यंत्रात न येणारं असंही असतं.

आज गेलो तर हिरासिंग मधल्या भिंतीसमोर घण घेऊन उभा. माझ्यासाठी थांबला होता.

"सर, हितं दार पाडावं म्हंतो. सुनिता एकटी पडती रातची. तुमच्या परीक्षेचं काय व्हईल?"

मी हिशेब सांगितला. दोन खोल्यांची हवा एक झाली तर तेवढंच मीठ दोन्हींना पुरणार नाही, आणि तुलनाही संपेल.

सुनिता दारात उभी होती. "दार बसवू ना, सर, नुसतं भोक कशाला," ती म्हणाली. "दिवसा लावून घ्यायचं आन समद्यांनी हिकडं बसायचं. राती उघडं ठिवायचं, मिराभाबी तिकडं, मी हिकडं. भाबीची खिडकी नीट केली तर दोनीकडून गरमी जाईल. मीठ लवकर गोठंल."

मी मनात तपासलं. बरोबर होतं. रात्री उष्णता जायला वाट दुप्पट, दिवसा गार ठेवायची जागा तेवढीच. मला हे सुचायला हवं होतं. पण माझ्या आराखड्यात ती भिंत तुलनेसाठी होती.

"तुलनेचं काय?" हिरासिंगने पुन्हा विचारलं.

"पाडा," मी म्हटलं.

पहिला घाव दहा वाजून वीस मिनिटांनी. विटा मी आणि मिराबाईने बाहेर टाकल्या. कोमल धुळीत नाचत होती, तिला दोनदा उचलून अंगणात ठेवावं लागलं.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहार, नंतर सपनाने दिलेला खिरीचा डबा घेऊन तांड्याला. पोचलो तेव्हा दोन वाजले होते. बाहेर साडेत्रेचाळीस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वीज सकाळपासून गेलेली.

सुनिताच्या खोलीत अकरा माणसं. मिराबाई, हिरासिंग, आश्रमशाळेतून आलेली त्यांची दोन्ही मुलं, शेजारच्या दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण तिच्या बाळासह. कोपऱ्यात थावरा नाईक भिंतीला टेकून घोरत होते. सुनिता मशीनवर, कोमल तिच्या पायाशी झोपलेली. यंत्र साडेपस्तीस दाखवत होतं. माणूस बसल्याबसल्या शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतो. एवढी माणसं नसती तर चौतीस असतं. हा आकडा कुठल्या रकान्यात घालावा हे मला ठरवता येईना.

माझ्यासाठी कोणी उठलं नाही. बसायला जागाही नव्हती. उंबऱ्यावर टेकलो, डबा बाजूला ठेवला आणि वही काढून हे लिहायला लागलो.

मिराबाईने डोळे न उघडताच म्हटलं, "सर, आत तरी या, न्हाईतर बाहेर तरी थांबा. तुमच्यापायी दार उघडं राहून राहिलं."

सुनिताने मशीन जरा सरकवलं. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.